मासा सोडला खरा, पण कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महिन्याभरापूर्वी तुमच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या बास फिशिंग टुर्नामेंटवर लेख आला होता, माझ्या भावाने त्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला म्हणून मला इकडे वाचायला मिळाला. लेख मस्त होता, त्या चकचकीत बोटी, जाहिरातींनी भरलेल्या जर्सी, स्टेजवर मासा वर धरून काढलेले फोटो, लाख डॉलरचे चेक, सगळं बरोबर लिहिलंय. पण एकूण सूर असा होता की ही मंडळी मासा मारत नाहीत, वजन करतात आणि परत पाण्यात सोडतात, म्हणजे खेळ पण झाला आणि माशाचंही काही बिघडलं नाही. तिथेच मी अडखळलो. कारण मी मिशिगनमध्ये एका छोट्या तळ्याच्या काठावर गेली चौदा वर्षं राहतोय आणि दर मे-जूनला हे सोडून देणं काय असतं ते घरामागच्या डॉकवरून, म्हणजे पाण्यात गेलेल्या लाकडी धक्क्यावरून, बघतोय. (इकडे आम्ही सर्रास लेक म्हणतो, पण मराठीत लेक म्हटलं की मुलगी आठवते, म्हणून पत्रात तळंच म्हणतो.)

आधीच सांगतो, मी मासेमारीच्या विरोधात नाही. दरवर्षी लायसन काढतो, गळ टाकतो, मासे आवडीने खातो, आणि बास लागला की रॉडची जी कमान होते आणि रीळ जे किंचाळतं त्याची मजा मला पुरेपूर माहितीये. तेव्हा आला एक प्राणीप्रेमी म्हणून पत्र बाजूला टाकू नका प्लीज.

मुळात बास हा मासा काय करतो ते त्या लेखात कुठेच नव्हतं. लार्जमाऊथ आणि स्मॉलमाऊथ असे दोन मुख्य प्रकार, दोन्ही गोड्या पाण्यातले. वसंतात पाणी तापायला लागलं, साधारण ६० ते ६५ फॅरनहाइटपर्यंत आलं की नर काठाजवळ उथळ पाण्यात येतो आणि शेपटी आपटून आपटून तळाचा गाळ उडवतो, खाली वाळू-खडी मोकळी होते आणि ताटासारखा एक गोल खळगा तयार होतो. हेच त्याचं घरटं, इकडचे लोक त्याला बेड म्हणतात. मादी येते, हजारोंनी अंडी घालते आणि खोल पाण्यात निघून जाते. तिचं काम संपलं. पुढची सगळी ड्युटी बापाची. अंड्यांवर पंख हलवून पाणी खेळतं ठेवायचं, गाळ बसू द्यायचा नाही, आणि जो जवळ येईल त्याच्या अंगावर धावून जायचं. दोन-पाच दिवसांत अंडी फुटतात, मग पिल्लं काही दिवस तिथेच खड्यांमध्ये पडून असतात, मग पोहायला लागतात तेव्हा त्यांचा काळा ढग दिसतो पाण्यात, आणि हा त्या ढगाभोवती फिरत राहतो. तीन-चार आठवडे हा प्रकार चालतो. या काळात तो धड खात पण नाही.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली. जो मासा खात नाही तो गळाला का लागतो? तर भुकेने नाही, रागाने. घरट्यात काहीतरी परकं पडलं की तो ते तोंडात धरतो आणि बाहेर नेऊन टाकतो, एवढंच त्याला करायचं असतं. त्याच तोंडात आपला गळ असतो. पाणी उथळ, मासा जागचा हलत नाही, पोलराइज्ड गॉगल घातला की स्पष्ट दिसतो, म्हणजे वर्षभर ज्या माशाच्या मागे आपण वणवण फिरतो तो या तीन-चार आठवड्यांत स्वतःच्या दारात उभा असतो. त्याला बेड फिशिंग म्हणतात. मी पण केलंय, सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत. कोणी सांगितलं नव्हतं आणि मासे लागत होते, फोटो छान येत होते, खोटं कशाला बोलू.

मी ते बंद केलं तो दिवस मला नीट आठवतोय. मे संपत आला होता, त्या सीझनची आमच्या तळ्यावरची पहिली टुर्नामेंट. माझ्या डॉकच्या तिसऱ्या खांबापाशी, जेमतेम तीन फूट पाण्यात एका लार्जमाऊथचं घरटं होतं, आठ-दहा दिवस मी त्याला रोज सकाळी चहा घेऊन बघायचो, पंधरा-सोळा इंचांचा असेल, खालच्या जबड्याला उजवीकडे एक पांढरा डाग, कधीतरी जुना गळ लागलेला असणार. सकाळी सातच्या सुमाराला एक बोट आली, मोठं इंजिन बंद, पुढची इलेक्ट्रिक मोटर चालू, आवाज अजिबात नाही. दोघं जण होते, एकदम सभ्य, गुड मॉर्निंग वगैरे झालं. पुढच्याने एक रबरी खेकड्यासारखं आमिष बरोब्बर त्या खळग्यात सोडलं. नराने ते उचललं आणि फूटभर लांब नेऊन थुंकलं. परत टाकलं, परत थुंकलं. तिसऱ्यांदा त्याने नुसती धडक मारली. चौथ्यांदा गळ बसला. अर्ध्या मिनिटात मासा वर, मोजपट्टीवर ठेवला, चौदा इंचांच्या वर भरला, मग बोटीच्या पाण्याच्या टाकीत, जिला लाइव्हवेल म्हणतात, आणि बोट पुढच्या डॉककडे.

त्यांचं काहीही चुकलं नव्हतं हे लक्षात घ्या. सीझन चालू होता, माप बरोबर होतं, लायसन असणारच. मी उभाच राहिलो कप हातात घेऊन. मिनिटभरात पहिला ब्लूगिल आला, हा इथला तळहाताएवढा मासा, घाबरत घाबरत कडेकडेने. मग त्याला कळलं की आज मालक नाही. मग दुसरा, मग आठ-दहा, मग मी मोजायचं सोडलं, सगळे तोंड खाली शेपटी वर करून त्या खळग्यात घुसले, लग्नाच्या पंगतीवर तुटून पडावं तसे. मी खडा मारला, पांगले, परत आले. परत खडा मारला. असा किती वेळ मारणार? कप धुवून होईपर्यंत तिथं बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आणि तो नर? तो त्या टाकीत दिवसभर तळ्यावर फिरला. तीन वाजता पलीकडच्या टोकाला बोट रॅम्पवर, म्हणजे बोटी पाण्यात उतरवायच्या उतारावर, वजन झालं, टाळ्या झाल्या, मग त्याला तिथेच रॅम्पपाशी पाण्यात सोडलं. जिवंत सोडला, अगदी नियमाप्रमाणे. मग तो मेला नाही म्हणून आपण खूश व्हायचं का?

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे बघा. सोडला म्हणजे परत केला असं होत नाही. कुठे सोडला, किती वेळाने सोडला आणि कुठल्या महिन्यात सोडला हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय सोडून देण्याचं कौतुक करता येत नाही. पकडून मिनिटभरात तिथल्या तिथे सोडला तर तो बऱ्याचदा सरळ घरट्यावर परत जातो, दमलेला असतो, मधल्या वेळात थोडं नुकसान होतं, पण जातो. आठ तासांनी दोन-तीन मैलांवर सोडला तर कुठला जातोय. टुर्नामेंटमधून सोडलेल्या माशांना खुणा आणि ट्रान्समीटर लावून केलेल्या जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा २००३ मध्ये आला होता, त्यात पकडलेल्या जागी परत पोचलेले लार्जमाऊथ सरासरी १४ टक्के आणि स्मॉलमाऊथ ३२ टक्के. बाकीचे रॅम्पच्या आसपास रेंगाळतात नाहीतर दुसरीकडे कुठेतरी जातात. आणि जो परत पोचला तो काही दिवसांनी पोचतो, अंड्यांना तेवढी सवड नसते.

हे ज्यांनी सुरू केलं त्यांच्यावर मी टीका करत नाहीये, उलट. रे स्कॉट नावाच्या माणसाने १९६७ मध्ये आर्कन्सामधल्या बीव्हर लेकवर पहिली मोठी स्पर्धा भरवली, पुढच्या वर्षी बास अँगलर्स स्पोर्ट्समन सोसायटी काढली. तेव्हा मासे मारून दोरीला लटकवून आणायची पद्धत होती. १९७२ मध्ये त्यांनीच मासे जिवंत ठेवायची मोहीम काढली, बोटीत हवा खेळवणाऱ्या टाक्या आल्या, मेलेल्या माशाला वजनात दंड आला. त्या काळात हे फार मोठं पाऊल होतं आणि आज सामान्य माणूस सुद्धा बास सोडून देतो तो त्याच सवयीमुळे. फक्त मासा जगला पाहिजे इथवर विचार येऊन थांबला, तो मासा त्या वेळी काय करत होता हा विचार मागे राहिला. आज बहुतेक टुर्नामेंटचा फॉरमॅट पाच माशांच्या वजनाचा आहे. दिवसभर पाच मासे टाकीत, मोठा लागला की छोटा सोडायचा, तोही जिथे असाल तिथे, जिथून आणला तिथे नाही.

आणि टाकीतून जिवंत सोडलेला प्रत्येक मासा जगतो असंही नाही. पाणी जेवढं गरम तेवढे नंतर मरणारे जास्त, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. रॅम्पवर पोहत गेलेला मासा दोन-तीन दिवसांनी काठाला लागतो तेव्हा तिथे ना स्टेज असतं ना फोटोग्राफर. ते आम्ही काठावरचे लोक उचलतो, फावड्याने.

आता दुसरी बाजू पण सांगायला पाहिजे, नाहीतर मी पण त्या लेखासारखाच एकतर्फी होईन. शास्त्रज्ञांमध्ये यावर एकमत नाहीये. न्यूयॉर्क राज्याने २००६ पासून वसंतात पकड-आणि-सोड फिशिंगला परवानगी दिली, नंतर तिथल्या काही तळ्यांचा आधीचा-नंतरचा हिशोब तपासला तर नवीन पिढीची संख्या घटल्याचं दिसलं नाही. यामागचं लॉजिक पण कळतं, एका यशस्वी घरट्यातून इतकी पिल्लं निघतात की काही घरटी बुडाली तरी तळं भरायला बाकीची पुरतात, आणि गर्दी कमी झाली तर उरलेल्या पिल्लांना खायला जास्त मिळतं. टुर्नामेंटवाले मित्र हेच तोंडावर फेकतात आणि ते खोटं नाहीये. पण बारकाईने बघा, तिथे मासा पकडला की लगेच सोडायचा असा नियम आहे, टाकीत घालून फिरवायचा नाही. म्हणजे तो अभ्यास माझ्या डॉकखालच्या प्रसंगाचा नाहीच. आणि आमचं तळं जेमतेम चारशे एकरांचं, त्यात घरटी करायला योग्य असा उथळ खडीचा काठ किती, तर दोन कोपरे. त्या दोन कोपऱ्यांत सकाळी सातला वीस बोटी.

त्यात ईरी लेकसारख्या प्रचंड सरोवरात तर परिस्थिती अजून वेगळी, तिथे राउंड गोबी नावाचा बाहेरून आलेला मासा आहे, १९९० मध्ये सेंट क्लेअर नदीत पहिल्यांदा सापडला, जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून आला असं मानतात. ईरीवर संशोधकांनी पाण्यात उतरून बघितलं, स्मॉलमाऊथचा नर घरट्यावर असला की गोबी लांब राहतात, त्याला गळाने उचललं की लगेच आत शिरून अंडी खायला लागतात, आणि नर येईपर्यंत खातात. माझ्या ब्लूगिलचाच प्रकार, फक्त हे चोर जास्त भुकेले आणि संख्येने प्रचंड.

एक अभ्यास मात्र मी कधी विसरू शकत नाही. इलिनॉयमध्ये रिज लेक नावाचं छोटं तळं आहे, तिथे १९७० च्या दशकात एक प्रयोग सुरू झाला. पकडलेल्या प्रत्येक बासवर खूण करून सोडायचं, असं चार वर्षं. मग १९८० मध्ये तळं रिकामं केलं तर १,७०० वर बास निघाले आणि त्यातले साधारण २०० असे की एकदाही गळाला लागले नव्हते, तर काही असे की परत परत लागले. मग न लागणाऱ्यांची वेगळी पैदास, वारंवार लागणाऱ्यांची वेगळी, असं तीन पिढ्या. पिढीगणिक फरक वाढत गेला, म्हणजे गळाला लागणं हे रक्तातच असतं, काही अंशी तरी. हे २००९ मध्ये छापून आलं. पुढे २०१२ मध्ये त्याच वंशाच्या माशांवरून आणखी एक गोष्ट पुढे आली, पटकन गळाला लागणारे नरच पिल्लांची जास्त चांगली राखण करणारे निघाले. साहजिकच आहे ना, जो घरट्यासाठी अंगावर धावून येतो तोच गळाला लागतो. जो घाबरट, जो घरटं सोडून पळतो, तो वाचतो. आपण दर वसंतात वेचून वेचून चांगले बाप उचलतोय. वाचलं तेव्हा माझ्या भिंतीवरचा जुना फोटो मी काढून टाकला, बायको म्हणाली अरे छान होता की. मी काही बोललो नाही.

मिशिगनचे नियम काय ते थोडक्यात सांगतो. २०१५ पासून इथे बास वर्षभर पकडता येतो पण सीझन उघडेपर्यंत लागलीच सोडायचा, ठेवता येत नाही. मेमोरियल डेच्या आधीच्या शनिवारी, म्हणजे मे अखेरीला, बहुतेक तळ्यांवर सीझन उघडतो आणि मग पाच मासे ठेवता येतात. म्हणजे टाकी आणि वजन असलेली टुर्नामेंट साधारण त्या शनिवारपासून. अडचण अशी की मे अखेरीला इथे घरटी भरलेली असतात, उत्तरेला तर जून निम्मा उलटला तरी असतात. सेंट क्लेअर लेकवर मात्र सीझन जूनच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो. म्हणजे सरकारला ही गोष्ट माहिती नाही असं नाही, एका ठिकाणी थांबता येतं तर बाकीकडे टुर्नामेंटपुरतं तरी का नाही, एवढाच माझा प्रश्न. पुन्हा यातले बहुतेक बास काही सरकार हॅचरीतून (मासे पैदास केंद्रातून) आणून सोडत नाही, जे आहेत ते याच घरट्यांतून आलेले आहेत. विणीच्या दिवसांत जाळं टाकू नये हे कोळ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही, इथे अडीचशे हॉर्सपॉवरच्या इंजिनवाल्यांना पत्रक काढून सांगावं लागतं.

इंजिनावरून आठवलं, गर्दी. लेखात पहाटे एकामागून एक सुटणाऱ्या बोटींचं वर्णन फार बहारदार होतं. माझ्या खिडकीतून ते असं दिसतं की साडेपाचला रॅम्पवर रांग, पार्किंग भरलं की ट्रेलर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, मागच्या जूनमध्ये मी कुत्र्याला फिरवताना ४३ मोजले, आणि त्या रॅम्पवर जागा आहे १८ ट्रेलरची. नातवाला घेऊन साधी अल्युमिनियमची बोट घेऊन आलेले एक आजोबा तासभर थांबून परत गेले. तेही लायसनवाले, तळं त्यांचंही. मग सूर्य उगवता उगवता वीस-वीस फुटी बोटी साठ मैलांच्या वेगाने सुटतात, दहा मिनिटं काठावर लाटा आपटत राहतात, उथळ भागात पंख्याने गाळ उसळतो आणि तो गाळ खाली बसतो तो कुठे, तर घरट्यांवर. आमच्याकडे लून पक्ष्याची एक जोडी आहे, हा पक्षी मिशिगनच्या धोक्यातल्या यादीत आहे, घरटं अगदी पाण्याच्या कडेला करतो कारण त्याला जमिनीवर धड चालता येत नाही. लाट आली की अंडी गेली.

त्यात २०२० मध्ये कोविडच्या काळात सगळ्यांनीच बोटी आणि रॉड घेतले, ते लोक आले ते राहिले. २०१८ पासून ते नवीन सोनार (sonar, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्यातला मासा शोधायचं यंत्र) आलंय, समोरचा मासा स्क्रीनवर व्हिडिओ गेमसारखा हलताना दिसतो, त्यावर इकडे एवढी भांडणं चाललीयेत की त्यासाठी वेगळं पत्र लागेल. आणि टुर्नामेंटची बोट आज या तळ्यावर, पुढच्या शनिवारी दुसऱ्या. झेब्रा शिंपले, हेही बाहेरूनच आलेले, १९८८ मध्ये सेंट क्लेअर लेकमध्ये सापडले आणि तिथून बोटींच्या बुडाला आणि टाकीतल्या पाण्यातून तळ्यातळ्यात गेले. २०१९ पासून कायदा आहे की रॅम्पवरून निघताना बुच काढून सगळं पाणी सोडायचं, बोटीला चिकटलेलं शेवाळ-गवत काढायचं. मोठ्या स्पर्धांचे लोक ते करतात, खरं सांगायचं तर सुट्टीला आलेल्या पांढऱ्या पँटवाल्या पब्लिकपेक्षा जास्त नीट करतात.

कारण दोष सगळा टुर्नामेंटवाल्यांचा नाहीच. माझ्याच शेजाऱ्याने गेल्या वर्षी काठाला काँक्रीटची भिंत घातली, पाणवनस्पती औषध मारून जाळल्या, हिरवळीवर दर महिन्याला खत, आणि त्याच्या पोराची वेकबोट एकटी दहा बास बोटींएवढी लाट करते. तो गृहस्थ मीटिंगमध्ये सगळ्यात जोरात ओरडतो की टुर्नामेंट बंद करा, बाहेरच्यांना येऊ देऊ नका. त्याला मासे वाचवायचे नाहीयेत, त्याला समोर कोणी नको आहे. मला त्याच्या बाजूने अजिबात उभं राहायचं नाही. पाणी सार्वजनिक आहे, काठावर ज्याचं घर त्याचं तळं असं नाही, आणि रॉड, रीळ, गळ यांवर १९५० च्या कायद्याने जो कर बसतो तो राज्यांना मत्स्यखात्यासाठी जातो, म्हणजे मासेमारी करणाराच या तळ्यांचा खर्च भरतोय. पाच गावांपलीकडचा मोटेलवाला सुद्धा या शनिवारांची वाट बघतो.

मग पाहिजे काय? बंदी नको. जूनच्या तिसऱ्या शनिवारपर्यंत टाकी बंद, एवढंच. मासा पकडा, तिथेच मोजा, तिथेच सोडा. हे काही मी चंद्रावरचं बोलत नाहीये, मेजर लीग फिशिंगची प्रो टूर २०१९ मध्ये सुरू झाली ती याच पद्धतीने, बोटीवर अधिकारी असतो, वजन होतं, आकडा लागतो, मासा मिनिटात पाण्यात. छोट्या क्लबला प्रत्येक बोटीवर माणूस परवडणार नाही हे मान्य, पण कयाकवाले, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीतून स्पर्धा खेळणारे, कित्येक वर्षं मोजपट्टीवर मासा ठेवून फोनने फोटो काढतात आणि लांबीवर निकाल लावतात, त्याला काय खर्च येतो? फक्त स्टेजवर मासा उचलून फोटो काढायला मिळणार नाही. खरी अडचण तीच आहे असं मला हल्ली वाटायला लागलंय.

आणि बोटींची संख्या तळ्याच्या आकारावर ठरवा. शेजारच्या मिनेसोटात कायद्यानेच ठरवून दिलंय, २,००० एकरापर्यंतच्या तळ्यावर महिन्याला परवानगीच्या दोनच स्पर्धा, मोठं तळं असेल तर थोड्या जास्त. मिशिगनमध्ये २०१९ पासून बास टुर्नामेंटची ऑनलाइन नोंदणी सक्तीची झाली, कुठल्या तळ्यावर कधी ते आता दिसतं तरी, पण नोंदणी म्हणजे मर्यादा नव्हे. आमच्या चारशे एकरांवर जूनच्या चार शनिवारी चार स्पर्धा नोंदवलेल्या असतात आणि सगळ्या कायदेशीर.

तुमचे बरेच वाचक असे असतील ज्यांची मुलं इकडे आहेत, उन्हाळ्यात येतात, आणि इकडची मराठी मंडळी पण हल्ली फिशिंगला लागलीयेत, आमच्या ग्रुपमध्येच सात-आठ जण आहेत. त्यांना माझं हात जोडून सांगणं, मे-जूनमध्ये काठाजवळ पाण्यात पांढुरका गोल दिसला आणि त्यावर एक मासा जागच्या जागी पंख हलवत उभा दिसला तर त्याला डिवचू नका, पन्नास फूट पुढे जाऊन टाका गळ, तिथेही मासे असतात. आणि लागलाच चुकून, तर फोटोबिटो राहू दे, त्याच जागी सोडा. आणि तुमच्या पुरवणीने पुढच्या वेळी या विषयावर काही छापलं तर सोडून देतात या शब्दांच्या पुढे, किती तासांनी आणि किती मैलांवर, एवढं तरी जोडा.

आमच्या क्लबचं पुढच्या सीझनचं कॅलेंडर फेब्रुवारीत ठरतं, गावच्या फायर स्टेशनच्या हॉलमध्ये मीटिंग असते, बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत पन्नास लोक कॉफी पीत उन्हाळ्याच्या तारखांवर भांडतात. मागच्या वेळी मी पहिल्यांदा उठून बोललो, माझं इंग्रजी ऐन वेळी गडबडतं, तरी मोजपट्टीचा मुद्दा मांडला. हात वर करून मत घेतलं, अकरा विरुद्ध बत्तीस, पडलो. नंतर पार्किंगमध्ये एक जण माझ्याकडे आला, त्या सकाळी माझ्या डॉकपाशी आलेल्या दोघांपैकी एक. मला त्याने ओळखलं नाही. म्हणाला, पहिली एक स्पर्धा तरी तशी करून बघू, मी मत देतो पुढच्या वेळी. म्हणजे बारा झाले.

आपला,
एक वाचक, मिशिगन